लाल साडीचं ठिगळ

पितृपंधरवडा लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अजूनही भांडणं होतात. दोरीवरून. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हे इथल्या प्रत्येक बाईला कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं आहे आणि ऊन मात्र सगळ्यांना मिळून एकच. एरवी लिफ्टमध्ये गोड हसणारी वरच्या मजल्यावरची सूनबाई या दिवसांत माझ्या दोरीवर आपली रजई टाकून साळसूदपणे निघून जाते. मी ती रजई हळूहळू कोपऱ्यात सरकवते, जिथे पाण्याच्या टाकीची सावली पडते. म्हातारपणी एवढी तरी करमणूक हवी.

भाद्रपदातलं हे ऊन श्रावणातल्यासारखं लाडात येत नाही. थेट टाळूवर येऊन बसतं. पावसाळाभर ओल धरून राहिलेलं जे जे काही असतं, भिंती, गाद्या, माणसं, ते सगळं या उन्हात बाहेर पडतं आणि वाफा टाकत सुकायला लागतं. ओल्या गोधडीचा वास तर विचारू नका. त्यात जुनं सुती कापड असतं, कुणाच्या तरी डोक्याचं खोबरेल असतं, ट्रंकेतली डांबरगोळी असते. आणि तीच गोधडी संध्याकाळी दोरीवरून काढून तोंडाशी धरली की निव्वळ उन्हाचा वास. मी अजून धरते. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून.

परवा माझी नात ऋचा गोधड्या मशीनमध्ये घालायला निघाली होती. घालण्याआधी तिने एक पांढरा रुमाल ओला केला, गोधडीच्या कोपऱ्यावर घासला आणि रुमाल उजेडात धरून बघितला.

"हे काय गं?"

"रंग जातो का बघतेय, आजी. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट आहे. ही साधी गोष्ट तिच्या वयात मला सुचली असती, तर मला हे लिहायला विषय उरला नसता.

तेव्हा आम्ही डोंबिवलीतच होतो, पण डोंबिवली अजून संपायची. आमच्या चाळीच्या मागे विहीर होती आणि विहिरीच्या पलीकडे डोंबिवली संपून भाताची खाचरं सुरू व्हायची. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. चाळ कौलारू, चार बिऱ्हाडांची. चाळ, विहीर आणि खाचरं, सगळं ताराआत्याचं. ती इथलीच, आगरी. भाडं गोळा करण्यापेक्षा भाडेकरणींच्या सुना गोळा करून त्यांना कामं सांगण्यात तिला जास्त रस. भाद्रपदात तिचं भात फुलोऱ्याला यायचं, आणि दुपारी वारा फिरला की त्या फुलोऱ्याचा कोवळा, दुधाळ वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. वारा उलटा फिरला की मात्र कारखान्यांकडचा उग्र वास. तिकडचा ओढा त्या काळात रोज नवी साडी नेसायचा. एक दिवस हिरवी, एक दिवस जांभळी.

मी त्या चाळीतली सगळ्यात नवी सून. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सांगलीहून येताना मी रसायनशास्त्राची पदवी बरोबर आणली होती आणि तिचा मला इतका अभिमान, की चहात साखर विरघळली तरी मी त्याला द्रावण म्हणायची. त्यात आमच्या ह्यांची नोकरी रंगाच्या कारखान्यात. सगळ्या चाळीला वाटायचं, हे तिथे रंग बनवतात. हे बनवायचे पगारपत्रकं. पण बायकोला रसायनं कळतात आणि नवऱ्याला रंग, असं एकंदर आमच्या बिऱ्हाडाचं नाव होतं आणि ते खोडून काढायची मला काही घाई नव्हती.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि कल्याणला शालूवन्सं, म्हणजे माझी नणंद, ह्यांच्याहून मोठी.

वन्संना दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं हातचं गेलं होतं. दुसऱ्या वेळी तर त्या माहेरी आलेल्या असताना, आमच्या चाळीतल्या खोलीतच. त्यांना दवाखान्यातून परत आणेपर्यंत सासूबाईंनी चादर, सतरंजी, उशी सगळं नेऊन ओढ्यात सोडून दिलं होतं, जमीन पुसून घेतली होती आणि चहा टाकला होता. हे मला ताराआत्याने सांगितलं. सासूबाईंनी त्या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही आणि वन्संना काढू दिला नाही.

आता तिसरी खेप. कल्याणच्या डॉक्टरांनी सक्त झोपून राहायला सांगितलेलं. वन्सं झोपून राहिल्या. पाचवा महिना गेला, सातवा गेला, नववा लागला आणि डॉक्टरांनी उठायची मोकळीक दिली. आता त्या बाळंतपणाला आमच्याकडे यायच्या होत्या आणि घरात कुणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नव्हतं.

मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. टोपरं नाही, झबलं नाही. अंगाखाली घालायला मात्र काहीतरी हवंच, तर ते जुन्यातलं. जुनं कापड मऊ असतं आणि त्याचा जो काही रंग जायचा तो जाऊन चुकलेला असतो. म्हणून पाऊस चांगला लागल्यावर सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि बाळाची गोधडी शिवायला घेतली. वरचं अंग मामंजींच्या धोतराचं, दुधावरच्या सायीसारखं झालेलं. आत त्यांचं स्वतःचं विटकं लुगडं. कडेच्या तिकोन्यांना ह्यांचा शाळेतला शर्ट आणि वन्संचा लहानपणीचा फ्रॉक. घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही.

"माझं काय घेता, आई?" मी विचारलं.

"तुझं जुनं काय आहे गं?"

काहीच नव्हतं. मी ज्या कपड्यांत लहानाची मोठी झाले ते सगळे सांगलीला, आईच्या कपाटात. इथे माझ्या होत्या त्या सगळ्या लग्नातल्या साड्या, घडीच्या खुणा अजून न गेलेल्या.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुझं पुढच्या वेळी घालू. कापड आधी घरात मुरावं लागतं."

किती साधं बोलल्या. आणि मला ते किती लागलं! आता हसू येतं. घरात स्वतःची जागा हवी म्हणून माणसं काय काय करतात. मी साडी कापली. मावशीने दिलेली, लाल सुती, एकदाच नेसलेली. तिचा एक मोठा चौकोन फाडून सासूबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"चांगली साडी फाडलीस?"

"असू दे."

"धुतलंयस ना?"

"हो तर." म्हणजे दोनदा बादलीत बुचकळून काढलं होतं. त्याला मी धुणं म्हणत होते.

सासूबाईंनी तो चौकोन गोधडीच्या बरोब्बर मधोमध लावला. धावदोऱ्याच्या चार रांगा जास्त घालून. मी दिवसभर येता-जाता गोधडी बघत होते. फिकुटलेल्या त्या सगळ्या माणसांच्या मधे मी, लालभडक. काय शोभत होते म्हणून सांगू!

पंधरवडा लागला आणि धुणी निघाली. त्या दिवशी सासूबाई ठाण्याला जावेकडे श्राद्धाला गेल्या होत्या. विहिरीवर आज माझंच राज्य. मोठी पांघरुणं ताराआत्याच्या हाताखाली उरकली, आणि बाळाची गोधडी मी मुद्दाम शेवटाला ठेवली. ती काय नुसती गार पाण्यात धुवायची? बाळाला जंतू लागतील. शिकलेली बाई मी. मी कढत पाणी केलं, त्यात साबणाची पूड मूठभर टाकली, गोधडी दाबून बुडवली आणि घरात जाऊन कुकर लावला. वर निवांत भाजी चिरत बसले.

परत आले तेव्हा बादलीत जास्वंदीचा रस होता.

मी गोधडी उचलली. ती जड झालेली, पाणी गळतंय, आणि उलगडत जाते तसतसं मला दिसतंय. मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर मधोमध तांबडं पसरलेलं. मध्यावर गडद, कडेला फिकट होत होत गेलेलं.

"काय गो," ताराआत्या पलीकडून ओरडली, "विहिरीन कोंबरी कापलीस काय?"

आणि हसत हसत जवळ आली. गोधडी बघितली आणि तिचं हसू थांबलं. ते थांबलं तेव्हा मला कळलं, की हा डाग कशासारखा दिसतोय. तोवर मी फक्त रंग गेला म्हणून हळहळत होते.

"शालू कवा येनार?" तिने हळूच विचारलं.

"तीन दिवसांनी."

"तिचे नजरंला पडू देऊ नको."

सासूबाई ठाण्याहून आल्या, त्यांनी गोधडी बघितली आणि धुण्याच्या दगडावर बसल्या. मी बोलणी खायच्या तयारीने उभी. जे काय येईल ते झेलायचं, असं ठरवून. त्या म्हणाल्या, "मीठ आण."

मग सुरू झालं आमचं ते दळण. आधी तो लाल चौकोन उसवून काढला. चौकोन गेला, पण जाताना आपलं सगळं बिऱ्हाड धोतरावर ठेवून गेला. मिठाच्या पाण्यात भिजवलं. ताकात भिजवलं. शेजारच्या बिऱ्हाडांतून लिंबं आली, तुरटी आली, रिठे आले आणि प्रत्येकाबरोबर एकेक बाई सल्ला द्यायला आली. मी त्या सगळ्यांना अम्ल आणि अल्कली समजावून सांगत होते. ऐकणारं कुणी नव्हतं, पण मला थांबता येत नव्हतं. ह्यांना कारखान्यात विचारून यायला पाठवलं. हे संध्याकाळी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "विचारलं. ते म्हणाले, वहिनींना सांगा, आमचा रंग असा सहज निघायला लागला तर आम्ही काय खायचं?"

"म्हणजे उपाय काय?"

"उपाय नाही म्हणाले. पण छान हसले सगळे."

ब्लीचिंग पावडरीला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. धोतर जुनं, विरून जाईल. आणि धोतर तेवढं एकच उरलेलं. दुसरी गोधडी शिवावी तर पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही. शेवटी माझ्या डोक्यात आलं, की पांढरे कपडे शुभ्र दिसायला आपण नीळ घालतो. घातली. तांबड्यावर निळं गेलं की काय होतं हे कुठल्याही बालवाडीतल्या पोराला माहीत असतं. मी पदवीधर होते, मला ते करून बघावं लागलं.

आता गोधडीवर तांबडा डाग होताच आणि भोवती जांभळी वर्तुळं होती. एखादं मार बसलेलं अंग दिसावं तशी. सासूबाईंनी ती मागच्या अंगणात दोरीवर टाकली. म्हणाल्या, "वाळली की ट्रंकेच्या तळाशी घालते. शालूला सांगू, शिवायला जमलंच नाही."

आणि वन्सं एक दिवस आधीच आल्या.

कल्याणहून दुपारच्या रिकाम्या गाडीने, नवऱ्याचा हात धरून, सावकाश. घरात पाऊल टाकायच्या आधी सरळ मागे विहिरीवर गेल्या, पाय धुवायला. त्यांची सवयच ती. सासूबाई त्यांच्या मागे धावल्या, सासूबाईंच्या मागे मी. पोचेपर्यंत वन्सं दोरीसमोर उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "पायपुसणं आहे."

"बाबांच्या धोतराचं पायपुसणं?"

एक कावळा दोरीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. त्या दिवसांत कावळ्यांचं पोट भरलेलं असतं, ते उगीचच बसून राहतात.

"माझ्यासाठी शिवलेली ना ही? डाग कशाचा?"

"माझ्या साडीचा, वन्सं," मी म्हणाले. "लाल साडीचा तुकडा लावला होता. रंग गेला."

"रंगच ना?"

"रंगच."

त्यांनी डागावर तळहात ठेवला. ठेवला आणि काढलाच नाही. सासूबाई पुढे होऊन गोधडी ओढायला लागल्या. "आत चल बघू, ऊन लागेल. चहा टाकते."

"आई, मागच्या वेळीही तू चहाच टाकला होतास." वन्संचा आवाज चढला नव्हता. "मी दवाखान्यातून आले तर सतरंजीसुद्धा जाग्यावर नव्हती. सगळे आपले चहा घे, चहा घे. मला वाटायला लागलं, मला दिवस गेलेच नव्हते की काय. मला एकदा तरी बघायचं होतं गं."

"काय बघायचं होतं? बघून काय करणार होतीस?"

"रडले असते. तुझ्याजवळ."

सासूबाईंच्या हातात गोधडीचं एक टोक तसंच राहिलं. मग त्या म्हणाल्या, "मला बघवत नव्हतं, शालू. तुझ्यासाठी नाही टाकलं मी ते. मला बघवत नव्हतं."

दोघी तिथेच, त्या ओल्या गोधडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून रडल्या. मी रसायनशास्त्र विसरून विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होते. ताराआत्या कुठूनशी आली, माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि म्हणाली, "तू कनाला रडतंस गो? चूल पेटव."

चूल पेटवायची कल्पना तिची, पण पुढची वन्संची. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "वहिनी, ती साडी उरलीय का?"

"उरलीय."

"घेऊन ये. अर्धवट लाल कशाला? सगळीच होऊ दे."

अंगणातल्या चुलीवर ताराआत्याचं भात उकडायचं मोठं पातेलं चढलं. त्यात माझी उरलेली साडी, वर गोधडी आणि तो उसवलेला चौकोनही. वन्सं पाटावर पाय पसरून बसल्या आणि लांब काठीने पातेलं ढवळायला लागल्या. पोट एवढं पुढे आलेलं, की काठी पोटाला वळसा घालून पातेल्यात जात होती. "मीठ घाला," मी म्हणाले, "मिठाने रंग धरतो." मीठ घातलं की रंग जाईल, असं मी दोनच दिवसांपूर्वी त्याच अंगणात सांगितलं होतं. कुणी आठवण करून दिली नाही. चांगली माणसं होती.

गोधडी गुलाबी झाली. एकसारखी नाही. कुठे डाळिंबाच्या दाण्याची, कुठे कांद्याच्या सालीची आणि जिथे डाग होता तिथे अजून थोडी गडद. नीट बघणाऱ्याला डाग दिसायचा. वन्संना दिसायचा. त्यांनीच तो लाल चौकोन पुन्हा त्याच जागी लावला. उसवलेलं परत शिवणं म्हणजे नवं नव्हे, असा निकाल सासूबाईंनी दिला आणि सुईत दोरा ओवून दिला. ते वाळण्याचे दिवस मला फार आठवतात. दुपारी आम्ही तिघी त्या गुलाबी गोधडीच्या सावलीत बसायचो, भाताच्या फुलोऱ्याचा वास यायचा आणि वन्सं बोलायच्या. पहिल्या खेपेबद्दल, दुसऱ्या खेपेबद्दल. मनात ठेवलेली नावंसुद्धा सांगितली त्यांनी. सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडायच्या. उठून मात्र एकदाही गेल्या नाहीत.

पक्क्या रंगाचं हल्ली फार कौतुक. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, ताई, धुवून बघा, जरा उतरणार नाही. असेल बुवा. मला मात्र एकदा दुसऱ्यात उतरलेलं कापडच जास्त ओळखीचं वाटतं. अर्थात, हे मी ऋचाला सांगत नाही. तिचा पांढरा कुर्ता एकदा माझ्यामुळे आकाशी झालेला आहे.

नवरात्र उठलं आणि वन्संना मुलगी झाली. सगळं नीट झालं. घरी आणली ती सकाळी, आणि सासूबाईंनी तिला गुलाबी गोधडीवर, खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्याशेजारी ठेवलं. मग अंघोळीची वेळ झाली. सासूबाईंनी बाळाला उचललं, उलटं करून हातावर घेतलं, आणि बाळाची सगळी पाठ, मानेपासून ढुंगणापर्यंत, लाल.

मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो. चुलीवरचं पाणी खळखळतंय. सासूबाईंचा हात आपोआप पंचाकडे गेला, झाकायला. अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी पंचा सोडून दिला, वळल्या आणि बाळाची लाल पाठ लेकीच्या समोर धरली.

"शालू," त्या म्हणाल्या. "बघ."

वन्संनी बघितलं. एक बोट पाठीवरून फिरवलं, बोट नाकाशी नेलं, वास घेतला.

"मुतलीय गं," त्या म्हणाल्या. "आणि वहिनीच्या साडीने अजून रंग सोडलाय."

आम्ही कशा हसलो ते लिहिता येत नाही. ताराआत्या पलीकडून धावत आली, तिला वाटलं कुणीतरी रडतंय. बाळ खरोखरच रडायला लागलं. सासूबाईंचे दोन्ही हात लाल झाले होते. त्यांनी ते आपल्या पांढरट लुगड्याच्या पदराला पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे, धुतलं की जाईल."

ते काही गेलं नाही. बारशाच्या दिवशी सासूबाई तेच लुगडं नेसल्या, आणि आल्यागेल्या बायकांमध्ये बसल्या ते डागाचा पदर पुढे घेऊन.